जहाजावरचे डॉक्टर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात हॅरी गुडसर यांच्यावर लेख होता. एडिंबरोतल्या सर्जनांच्या कॉलेजचं संग्रहालय सांभाळणारा हा शरीरशास्त्राचा जाणकार १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमेत ‘एरेबस’ जहाजावर सहायक सर्जन म्हणून गेला. ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं आर्क्टिकच्या बर्फातून पॅसिफिककडे जाणारा वायव्येचा मार्ग शोधायला निघाली होती. त्यांच्यावरच्या १२९ माणसांपैकी एकही परतला नाही. ते मेले कसे, हे विचारणारी पत्रं येतील असं वाटलं होतं. आली ती बहुतेक डॉक्टरच्या रोजच्या कामाबद्दलची. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

उदगीरहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी : आमच्या एकांकिकेत १८४६ सालचा जहाजावरचा डॉक्टर आहे. हिमदंशानं सडलेला खलाशाचा पाय तो कापतो, त्याआधी क्लोरोफॉर्म हुंगवतो. प्रसंग बरोबर आहे का? पेटीत काय काय ठेवावं?

क्लोरोफॉर्म आधी खोडा. ईथर या गुंगीच्या औषधाचा पहिला जाहीर प्रयोग बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ ला झाला. लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन यांनी ईथर देऊन पाय कापला तो त्याच वर्षी २१ डिसेंबरला. क्लोरोफॉर्म तर जेम्स सिम्पसन यांनी एडिंबरोत नोव्हेंबर १८४७ मध्ये आणलं. मे १८४५ मध्ये निघालेल्या जहाजावर यातलं काहीच नव्हतं, आणि बर्फात अडकलेल्या जहाजाला बातमी तरी कोण पोचवणार? तुमच्या डॉक्टरकडे लॉडनम म्हणजे अफूचा दारूतला अर्क, थोडी रम, चार धट्टेकट्टे खलाशी आणि हाताचा वेग, एवढंच होतं.

दुसरी दुरुस्ती घाईची. हिमदंश झाला की लगेच पाय कापत नसत. काळा पडलेला भाग आणि जिवंत भाग यांच्यामध्ये हद्दीची लाल रेघ उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. ती उमटण्याआधी कापलं तर कदाचित वाचणारं मांस जातं, किंवा मेलेलं मागे राहून पुन्हा कापावं लागतं. बहुतेक वेळा बोटंच जात, आणि ती हाडाच्या कातरीनं तोडत. सबंध पाय कापायचा तो सड वर चढू लागली तरच. त्या काळी हिमदंशावर बर्फ चोळायचा सल्ला सर्रास दिला जाई. तो चुकीचा होता, त्यानं कातडी सोलवटून इजा वाढायची. पण तुमच्या पात्राला हे ठाऊक नाही, म्हणून त्याला बर्फच चोळू द्या.

पेटी महोगनीची, पितळी कोपऱ्यांची, आत मखमल. तिच्यात मोठी वाकडी किंवा सरळ सुरी, दुधारी पातळ सुरी, दांडीची करवत, हाडाची कातर, रक्तवाहिनी ओढून धरायचा आकडा, मेण लावलेला रेशमी दोरा, वाकड्या सुया, कवटीला भोक पाडायचं गोल यंत्र आणि पितळी स्क्रूचं टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा. औषधं सरकारकडून मिळत. हत्यारं मात्र सर्जननं स्वतःच्या पैशानं घ्यायची, त्यामुळे ती पुसून जपून ठेवणारा माणूस दाखवलात तर शोभेल.

आता कृती, गुडघ्याखालच्या पायाची. टूर्निकेटची गादी मांडीच्या मुख्य धमनीवर बसवून पट्टा आवळतात, मग स्क्रू फिरवतात. गादी सरकली की फक्त शिरा दाबल्या जातात, धमनी चालूच राहते, आणि रक्त थांबायच्या ऐवजी काळं काळं जास्तच वाहतं. नवख्याची हमखास चूक ती हीच. मग आधी फक्त कातडी गोल कापायची. मदतनीस ती दोन्ही हातांनी वर ओढून धरतो. त्या वर गेलेल्या कडेशी स्नायू कापायचे, म्हणजे शेवटी हाड मांसाच्या आत दडतं. एकाच पातळीवर सगळं कापलं तर हाडाचं टोक उघडं पडतं. पायाच्या नळीत दोन हाडं असतात, म्हणून दुधारी सुरी मधून घालून तिथलं मांस सोडवतात, आणि तीन शेपट्यांच्या कापडी पट्टीची मधली शेपटी हाडांच्या मधून ओढून मांस करवतीपासून दूर धरतात.

करवत आधी मुठीकडच्या टोकानं हाडावर टेकवून आपल्याकडे ओढायची. एक खाच पडली की मगच मागेपुढे. इथे सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे पाय धरणारा. त्यानं पाय वर उचलला तर करवत चिमटीत अडकते, खाली सोडला तर शेवटी हाड चिरफळतं. बर्फात उभं असलेलं जहाज फार हलत नाही, पण कलतं. टेबलाला दोरखंड, फळ्यांवर वाळू, हे रंगमंचावर दाखवता येईल.

पाय सुटला की आकड्यानं एकेक धमनी ओढून रेशमानं बांधायची. गाठीचं एक टोक कापायचं आणि दुसरं लांब ठेवून जखमेबाहेर सोडायचं. टूर्निकेट एकदम सोडायचं नाही, अर्धा फेरा सैल करून बघायचं. मग कडा जवळ आणून चिकटपट्ट्या, मऊ कापडाचं लिंट, वर गुंडाळी. पुढे आठ-दहा दिवसांनी बाहेर सोडलेले दोरे रोज हलकेच ओढून पाहायचे. वाहिनीचं टोक कुजलं की दोरा सुटून हातात येतो, मोठ्या धमनीचा दोन-तीन आठवड्यांनीही. लवकर ओढला किंवा आत सड झाली की अचानक धमनी उघडते आणि माणूस रात्रीतून जातो. तुमच्या एकांकिकेत मरण दाखवायचं असेल तर ते टेबलावर नको, या दहाव्या-बाराव्या दिवशी दाखवा. ते जास्त खरं आहे.

आणि डॉक्टरला हात धुताना दाखवू नका. जखम कार्बोलिक आम्लानं निर्जंतुक ठेवायची लिस्टर यांची पद्धत १८६७ ची.

लातूरहून, याच विषयावर : हैदराबादला निजामांच्या पैशानं क्लोरोफॉर्मवर संशोधन झालं होतं म्हणतात. त्याचा जहाजांशी काही संबंध?

संबंध लांबचा, पण आपल्या भागाचा म्हणून सांगतो. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादमध्ये एडवर्ड लॉरी या सर्जनांच्या पुढाकारानं १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. निष्कर्ष असा काढला की नाडी बघत बसू नका, श्वासाकडे लक्ष द्या, कारण क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतं, हृदय नंतर. श्वासाकडे लक्ष देण्याचा सल्ला उत्तमच होता. हृदय सुरक्षित असतं हे मात्र खरं नव्हतं. अर्धवट गुंगीत, घाबरलेल्या माणसाचं हृदय क्लोरोफॉर्मनं एकाएकी थरथरून बंद पडू शकतं, हे १९११ च्या सुमारास लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं. जहाजावर घडी केलेल्या रुमालावर थेंब टाकून क्लोरोफॉर्म देत, तेव्हा धोका याच टप्प्यावर असे: खलाशी धडपडतोय म्हणून रुमाल काढायचा, मग पुन्हा एकदम भरपूर ओतायचं.

जालन्याहून एक मोसंबी बागायतदार : लिंबाच्या रसानं खलाशांचा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग, थांबला हे शाळेत शिकलो. मग तो १८७५ च्या ध्रुवाकडच्या मोहिमेत पुन्हा कसा झाला? आणि आमची मोसंबी चालली असती का?

या प्रश्नाला जागा जास्त देतो, कारण त्या शतकातली सगळ्यात मोठी वैद्यकीय फजिती यातच आहे.

ब्रिटिश नौदलाचे सर्जन जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये ‘सॅल्सबरी’ जहाजावर १२ रोगी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्यांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं ते सहा दिवसांत उठले. १७९५ पासून ब्रिटिश नौदलात रस नियमित मिळू लागला, रोज पाऊण औंसाच्या आसपास. हा रस भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबाचा, म्हणजे लेमनचा. टिकावा म्हणून त्यात दहावा हिस्सा दारू घालत.

१८६० च्या दशकात माल बदलला. वेस्ट इंडिजमधल्या ब्रिटिश बागांचं लहान हिरवं लिंबू, लाइम, घेऊ लागले. ते जास्त आंबट. रोगावर आंबटपणाच गुणकारी अशी समजूत असल्यानं हा बदल सुधारणाच वाटली. शिवाय तेव्हाच्या इंग्रजी कागदपत्रांत लेमन आणि लाइम हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जात. मराठीत आपण दोघांनाही लिंबूच म्हणतो, तेव्हा हसायला नको. आपलं रोजचं कागदी लिंबू हे त्या लाइमच्याच जातकुळीतलं.

आता हिशोब बघा. स्कर्व्ही टाळायला माणसाला रोज साधारण १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. ताज्या लेमनच्या १०० मिलिलिटर रसात ते ४० ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास. पाऊण ते एक औंस म्हणजे २१ ते २८ मिलिलिटर, त्यात मिळणार ९ ते १४ मिलिग्रॅम. म्हणजे ताज्या रसातसुद्धा जेमतेम भागतंय, साठवणुकीत घट झाली की संपलं. लाइममध्ये मुळातच कमी. त्यात तो रस टाक्यांत उघडा ठेवलेला, तांब्याच्या नळ्यांतून आलेला. तांब्याचा अंश लागला की क जीवनसत्त्व हवेशी झपाट्यानं जळतं. आजी कल्हई न केलेल्या भांड्यात लिंबाचं सार ठेवू देत नसे. तिचं कारण कळकण्याचं होतं, पण तिथे क जीवनसत्त्वही राहिलं नसतं. १९१८ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये गिनीपिगांवर तपासलं तेव्हा ताजा लाइम रस लेमनच्या साधारण पाव ताकदीचा निघाला, आणि साठवलेला जवळजवळ निकामी.

पण फरक कुणाच्या लक्षात का आला नाही? वाफेची जहाजं आली होती. महिना-दीड महिन्यात बंदर, बंदरात ताजी भाजी. स्कर्व्ही दिसायलाच दोन-तीन महिने लागतात. निकामी रस पिऊनही माणसं ठणठणीत, म्हणून रस उत्तम! परीक्षा झाली ती ध्रुवाकडे. १८७५ मध्ये जॉर्ज नेअर्स यांची ‘अलर्ट’ आणि ‘डिस्कव्हरी’ जहाजं निघाली. सोबत चार डॉक्टर होते: थॉमस कोलन, एडवर्ड मॉस, बेल्ग्रेव्ह निनिस आणि रिचर्ड कॉपिंजर. मॉस उत्तम चित्रकारही होते. १८७६ च्या वसंतात स्लेज ओढणाऱ्या तुकड्या निघाल्या. एक तुकडी ८३ अंश २० मिनिटं उत्तर अक्षांशापर्यंत पोचली, पण परतताना माणसं पाय ओढत आली: हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या, गुडघे ताठ, पोटऱ्यांवर काळेनिळे डाग, जुन्या जखमांचे व्रण उकललेले. मोहिमेतल्या जवळपास निम्म्या माणसांना त्रास झाला.

१८७७ च्या चौकशी समितीनं ठपका ठेवला तो स्लेजवर लाइम रस नेला नाही यावर. नेला नव्हता हे खरं. रस गोठतो, बाटली फुटते, वितळवायला इंधन लागतं, आणि स्लेजवर प्रत्येक शेर वजन माणसांनी ओढायचं असतं. पण नेला असता तरी त्या रसानं फारसं काही साधलं नसतं. समितीला हे कळायला मार्गच नव्हता. प्राण्यात स्कर्व्ही निर्माण करून तपासायची पद्धत होल्स्ट आणि फ्रोलिश या नॉर्वेच्या संशोधकांना १९०७ मध्ये सापडली. उपाय हाती होता, कारण ठाऊक नव्हतं, म्हणून उपायातलं नेमकं काय बदललं की तो उपाय राहत नाही, हे कुणाला सांगता येईना.

लेमनच्याच काळातला चांगला कारभार बघायचा तर ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजाचे सर्जन अलेक्झांडर आर्मस्ट्राँग. १८५० मध्ये निघालेल्या या जहाजावर रस रोज अधिकाऱ्यासमोर पिऊनच जायचं. खलाशी तो सांडतात, विकतात, हे आर्मस्ट्राँग जाणून होते. त्यांच्या माणसांनी दोन वर्षांहून जास्त काळ स्कर्व्ही दूर ठेवला. पुढे ते नौदलाच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले.

मोसंबीचं म्हणाल तर झाडावरून उतरवलेली मोसंबी उत्तम चालली असती. रसात क जीवनसत्त्व लेमनच्या आसपास, आणि पेलाभर सहज पिता येतो, दोन चमचे नव्हे. पण साठवण जमली नसती. आंबटपणा कमी म्हणून रस लवकर आंबतो, आणि ठेवला की कडू होतो, हे तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत. उकळून घट्ट केला तर लिंड यांच्यासारखीच गत. त्यांनी स्वतःच रस तापवून आटवायचा सल्ला दिला आणि हवं ते त्या आचेतच घालवलं. आपल्याकडचा खरा उमेदवार आवळा: लिंबाच्या दहापट क जीवनसत्त्व, आणि वाळवल्यावरही बऱ्यापैकी उरतं. आणखी एक सोपी वाट म्हणजे मोड. १८१९-२० च्या हिवाळ्यात कॅप्टन पॅरी यांनी बर्फात अडकलेल्या जहाजावर, केबिनमधल्या शेगडीच्या नळीलगत उथळ खोक्यांत मोहरी आणि अळीव पेरले आणि त्यांचा कोवळा पाला आजाऱ्यांना खाऊ घातला. मोड आलेल्या मटकीचं शास्त्र तेच. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व नगण्य, मोड आला की तयार होतं. मात्र उसळ फार शिजवली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अंबाजोगाईहून वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी : मलेरिया डासांमुळे होतो हे माहीत नसताना नौदलाचे डॉक्टर क्विनीन देत होते. किती द्यायचे, कसं ठरवलं?

आधी अपयशाचा मासला. १८४१ मध्ये नायजर नदीत ‘अल्बर्ट’, ‘विल्बरफोर्स’ आणि ‘सूदान’ या तीन आगबोटी गेल्या. दलदलीच्या विषारी हवेनं ताप येतो असा समज, म्हणून बोटींवर हवा रसायनांतून गाळून आत सोडणारं यंत्र बसवलेलं. १४५ गोऱ्यांपैकी १३० जणांना ताप आला, सुमारे ४० मेले. हवा गाळली, डास आत आलेच. ‘अल्बर्ट’वर बोट चालवायला माणूस उरला नाही, तेव्हा सर्जन जेम्स मॅकविल्यम यांनी सुकाणू धरलं, भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. स्टेंजर यांनी इंजिन सांभाळलं आणि दोघांनी बोट समुद्राकडे आणली.

त्याच मोहिमेतले डॉ. थॉमस थॉमसन यांनी पाहिलं की क्विनीन द्यायचं तर तुटपुंजं देऊन उपयोग नाही. त्यांनी स्वतः रोज सहा ते दहा ग्रेन घेतलं. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम. आपल्या जुन्या मापात तोळ्याचे १८० ग्रेन आणि ९६ गुंजा, म्हणजे ही मात्रा तीन ते पाच गुंजांची. १८४७ मध्ये नौदलाचे डॉ. अलेक्झांडर ब्रायसन यांनी पश्चिम आफ्रिकेचा अहवाल लिहिला. त्यातली एक सूचना फार मोलाची: किनाऱ्यावर जाऊन आलेल्यांना जहाजावर परतल्यावरही १४ दिवस क्विनीन-वाइन चालू ठेवा. किनारा सोडल्यावर दहा-बारा दिवसांनी ताप येतो हे त्यांनी नोंदींतून हेरलं होतं. परजीवी आधी यकृतात वाढून मग रक्तात उतरतो, हे कळायला अजून बरीच दशकं होती.

१८५४ मध्ये ‘प्लेइअड’ ही आगबोट बेन्वे नदीत गेली. ठरलेल्या प्रमुखांचं निधन झाल्यानं नौदलाचे सर्जन विल्यम बेकी यांच्याकडे सूत्रं आली. नदीवर ११८ दिवस, १२ गोरे, ५४ आफ्रिकी, आणि तापानं एकही मृत्यू नाही. बेकी ताप यायच्या आधीपासून रोज क्विनीन देत होते. वेगळेपण इतकंच, पण सगळा फरक त्यानं पडला.

देण्याची अडचण चवीची आणि विरघळण्याची. क्विनीन सल्फेट पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसतं. बाटली न हलवता वाटली तर पहिल्या माणसाला कडू पाणी आणि शेवटच्याला आठवड्याची मात्रा. म्हणून वाइन, किंवा पाण्यात पातळ गंधकाम्लाचे दोन-चार थेंब. कानात घूं घूं आवाज आला की मात्रा चढली असं समजत, आणि ते बरोबर आहे. (आज क्विनीन असं प्रतिबंधासाठी घेत नाहीत, कुणी प्रयोग करू नये.)

डासाचा पुरावा सापडला तो आपल्याच जुन्या राज्यात: रोनाल्ड रॉस, सिकंदराबाद, २० ऑगस्ट १८९७. ते लष्कराकडच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, नौदलाचे नव्हेत.

परभणीहून एक निवृत्त शिक्षक : या सर्जनला ‘जंटलमन’ म्हणत का? की तो न्हाव्याचाच सुधारलेला अवतार?

व्हिक्टोरिया राणीच्या काळाच्या सुरुवातीला उत्तर अर्धंमुर्धं होतं. परीक्षा दिलेला, बऱ्याच वेळा स्कॉटलंड-आयर्लंडचा, मध्यमवर्गी तरुण. सर्जनांना राजमुद्रेची कमिशन १८४३ मध्ये मिळाली, तोवर ते त्याहून खालच्या दर्जाचे वॉरंट अधिकारी. सहायक सर्जनचे हाल वेगळेच. शिक्षण पदवीचं आणि राहणं मिडशिपमन म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांबरोबर, पाण्याच्या पातळीखालच्या अंधाऱ्या खणात. पुस्तक ठेवायला जागा नाही, वाचायला उजेड नाही. वैद्यकीय शाळांनी आरडाओरड केली तेव्हा कुठे १८५० च्या दशकात त्यांना अधिकाऱ्यांच्या पंगतीत बसायला मिळालं. १८६३ पासून बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांच्या मध्ये लाल कापड आलं, ते डॉक्टरांचं चिन्ह. आमच्या मते त्या माणसांना प्रतिष्ठा मिळाली ती या पट्टीनं कमी आणि त्यांच्या नमुन्यांच्या बाटल्यांनी जास्त. का, ते पुढच्या उत्तरात.

बीडहून : ‘बीगल’वर निसर्गशास्त्रज्ञ डार्विन होते की जहाजाचे डॉक्टर?

कागदावर डॉक्टर. दगड, पक्षी, झाडं गोळा करणं हे जहाजाच्या सर्जनचं काम समजलं जाई. ‘बीगल’चे सर्जन रॉबर्ट मॅकॉर्मिक. डार्विन मात्र कप्तानाचे पाहुणे, खर्च स्वतःचा. मॅकॉर्मिक यांना हे सोसलं नाही, एप्रिल १८३२ मध्ये रिओला ते उतरून घरी गेले, आणि सहायक बेंजामिन बायनो यांनी पुढची सगळी वर्षं सर्जनचं काम केलं. मॅकॉर्मिक यांना रुसका म्हणावं तर १८३९ ते ४३ मध्ये ते अंटार्क्टिकला जाऊन आले. दक्षिण ध्रुवाकडच्या एका स्कुआ पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आहे.

त्या अंटार्क्टिक मोहिमेत त्यांचे सहायक सर्जन होते २२ वर्षांचे जोसेफ हुकर. सरकारनं त्यांना दिलं काय? २५ रीम कागद, झाडं ठेवायचे दोन पत्र्याचे डबे, जिवंत रोपांसाठी दोन काचपेट्या. काचेच्या बरण्या म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या, आणि स्पिरिट म्हणून जहाजाची रम. याच हुकर यांनी पुढे भारतातल्या वनस्पतींचं सात खंडांचं काम उभं केलं. थॉमस हक्सली हेही सहायक सर्जनच, ‘रॅटलस्नेक’वर, १८४६ ते १८५०. त्यांचा विषय जेलीफिश. तो प्राणी जाळ्यातून काढल्यावर काही तासांत विरघळल्यासारखा होतो आणि स्पिरिटमध्ये आक्रसतो, म्हणून संग्रहालयात बसलेल्या पंडिताला त्याची रचना कळणं कठीण. हलत्या जहाजावर ताजा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घालणारा माणूसच तिथे लागतो. १८५१ मध्ये, विशीच्या मध्यात, हक्सली रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

लातूरहून दुसरं पत्र : फ्रँकलिनची माणसं डब्यातल्या शिशामुळे मेली असं वाचलं.

ही गोष्ट ऐकायला फार चटकदार आहे. आर्क्टिकमधल्या बीची बेटावर मोहिमेतल्या माणसांची थडगी आहेत, तिथल्या तीन थडग्यांतली प्रेतं १९८४ आणि १९८६ मध्ये उकरून तपासली, त्यांत शिसं भरपूर सापडलं. डबे शिशाच्या डाकानं बंद केलेले होते. पण त्या काळच्या इंग्लंडात शिसं नळात, भांड्यात, रंगात, सगळीकडे होतं, आणि नंतरच्या हाडांच्या तपासण्यांनी शिशाला मुख्य आरोपी मानायला फारसा आधार दिला नाही. आम्हाला तिथली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. जॉन हार्टनेल हा खलाशी ४ जानेवारी १८४६ ला गेला. त्याच्या छातीपोटावर उलट्या वायच्या आकाराची चीर होती. जहाजावरच्या डॉक्टरांनी त्याचं शवविच्छेदन करून, सगळं परत आत ठेवून, शिवून, मग पुरलं होतं. तीन दिवसांपूर्वीच जॉन टॉरिंग्टन गेला होता. दोन माणसं लागोपाठ का गेली, हे डॉक्टर शोधत होते.

धाराशिवहून एका वाचकानं चूक दाखवली : जॉन रे नौदलाचे सर्जन नव्हते.

बरोबर. रे हडसन्स बे कंपनीचे सर्जन. आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांकडून फ्रँकलिनच्या माणसांची पहिली खात्रीची बातमी त्यांनीच १८५४ मध्ये आणली. आमच्या लेखात त्यांना नौदलात घातलं होतं, ती चूक आमची.

नांदेडहून एक ग्रंथपाल : या सर्जनांच्या रोजनिशा वाचायला मिळतात का? वाचताना काय अडतं?

लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एडीएम १०१ या मालिकेत त्या ठेवलेल्या आहेत. सर्जनला रोजनिशी वरिष्ठांकडे द्यावीच लागे, म्हणून इतक्या उरल्या. नाव, वय, हुद्दा, आजार, यादीवर कधी आला, कामावर परतला की इस्पितळात गेला की मेला, असे रकाने, मग निवडक रोग्यांची हकिकत आणि शेवटी हवा-पाण्याबद्दल सर्वसाधारण शेरे. शेवटचे शेरे आधी वाचा. डॉक्टरचं खरं मत तिथे असतं, रकान्यांत नव्हे.

अडतं ते मात्रांपाशी. आपल्या देवनागरी तीनसारखं दिसणारं चिन्ह म्हणजे ड्रॅम, ६० ग्रेन, जेमतेम चार ग्रॅम. त्याच्यावर आणखी एक वळण असलं की औंस, म्हणजे आठ ड्रॅम. ही दोन चिन्हं घाईच्या अक्षरात एकसारखी दिसतात, आणि चूक झाली तर मात्रा आठपट होते. शंका आली तर औषध बघा: अफूच्या अर्कापुढे औंस वाचलात तर बहुधा तुमचंच चुकलंय. आकडे रोमन असतात, एकच्या काड्यांमधली शेवटची खाली शेपूट ओढून लिहिलेली, पुढे कुणी काडी वाढवू नये म्हणून. ती शेपटी म्हणजे वेगळं अक्षर नव्हे, एकच.